पट्ट्याची वाट

जी वस्तु नीट चालते तिच्या रचनेकडे मनुष्याचें लक्ष सहसा जात नाहीं. मोटारीच्या इंजिनावरील पट्टा ही अशीच वस्तु आहे. जुन्या अँबॅसडर गाडींत तो तीन पुल्यांवरून साधा त्रिकोण करून फिरे. तुटला तर नवा कसा घालावा हें कोणासहि पुसावें लागत नसे. पुढें १९७९ सालीं फोर्डच्या मस्टँग गाडीवर एकच लांब, धारांचा पट्टा अनेक यंत्रें फिरवूं लागला आणि ती रीत जगभर पसरली. हा पट्टा एका पुलीवरून जातो, दुसरीच्या खालून येतो, तिसरीला पाठ घासून वळतो. त्याच्या वाटेचें चित्र पुष्कळ गाड्यांत बॉनेटखालीं चिकटवलेलें असतें. परंतु ऊन, तेल व धूळ यांपुढें त्याचें आयुष्य थोडें.

मेहकरहून खामगांवकडे जातांना जानेफळापाशीं आमच्या गाडीचा पट्टा तुटला, तेव्हां याचा आम्हांस प्रत्यय आला. बॅटरीचा दिवा लागला, पाण्याचा कांटा चढूं लागला आणि गाडी बाजूस घ्यावी लागली. नवा पट्टा मेहकरहून आला. पण चित्राच्या जागीं कोरा कागद तेवढा उरला होता. बरोबरच्या पुतण्यानें मोबाईलवर एक चित्र शोधलें. गाडीचें नांव तेंच, सालहि तेंच. मिस्त्रींनीं तें पाहिलें, बोटानें पुल्या मोजल्या आणि ते म्हणाले, "सर, ह्या चित्रात सहा हायेत, आपल्या गाडीत पाचच. हे दुसऱ्या इंजिनाचं आहे."

एकाच नांवाची गाडी दोन-तीन निराळ्या इंजिनांची असते. एकींत स्टिअरिंगचा पंप पट्ट्यावर चालतो, दुसरींत तें काम वीज करते. म्हणून चित्र शोधावयाचें तें इंजिनाच्या खुणेवरून, गाडीच्या नांवावरून नव्हे.

"मग आतां कसें करणार?" आम्हीं विचारलें.

"चित्र गेलं तं गेलं, पुल्या तं जाग्यावरच हायेत ना!"

त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या पट्ट्याला एक पीळ दिला कीं चाक उलटें फिरतें, हें त्यांनीं लहानपणींच पाहिलें होतें. येथेंहि त्यांनीं तोच हिशेब मांडला. खांचांच्या पुलीवर पट्ट्याची धारांची बाजू, गुळगुळीत पुलीवर पाठ. ऑल्टरनेटरच्या लहान पुलीला पुरेसा वेढा. आणि सर्वांत शेवटीं टेन्शनर पान्यानें ओढून पट्टा चढवावयाचा. वाट चुकली तरी कधीं कधीं पट्टा बसतो, इंजिनहि सुरू होतें. पण पाण्याचा पंप उलटा फिरूं लागला तर थोड्याच वेळांत इंजिन तापून हजारोंचें नुकसान होतें. मिस्त्रींनीं पंपाची दिशा दोनदां ताडून पाहिली. मग बॉनेटच्या आंत काळ्या शाईनें पांच वर्तुळें व बाण काढले. "पुढच्याले कामी येईन," ते म्हणाले.

आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत आहों. साफ चुकीचें उत्तर विद्यार्थ्यास फारसें फसवीत नाहीं. तें लौकर उघडें पडतें. फसवतें तें जवळजवळ बरोबर असलेलें उत्तर, दुसऱ्याच प्रश्नासाठीं लिहिलेलें आणि मार्गदर्शकांतून जसेंच्या तसें उचललेलें. त्यावर नांव योग्य असतें, भाषा निर्दोष असते. पुली तेवढी एक अधिक असते. ती मोजण्याची संवय आमच्या परीक्षा लावीत नाहींत. पुस्तकांचा अनादर करावा असें आम्ही म्हणत नाहीं. मिस्त्रींनींहि चित्र आधीं पाहिलेंच, आणि काम होतांच नवें काढून ठेवलें. पण समोरच्या इंजिनाशीं तें जुळतें कीं नाहीं, हें पाहण्याचें काम त्यांनीं चित्रावर सोपविलें नाहीं.

विजेच्या मोटारींत हा पट्टा नसतो. त्या सर्वत्र झाल्या म्हणजे हीं चित्रें कोणी शोधणार नाहीं, व त्यांची वाट जाणणारे मिस्त्रीहि दुसऱ्या कामास लागतील. त्यांत खेद करण्याजोगें कांहीं नाहीं. मात्र हातीं आलेलें चित्र समोरच्या वस्तूशीं मोजून पाहणारी माणसें त्या दिवशींहि लागतील, आणि तीं आमच्या वर्गांतून निघावीं अशी आमची इच्छा आहे.