कायद्याने निवडलेली गोळी

सशासाठी कोणती गोळी, कोल्ह्यासाठी कोणती आणि रानडुकरासाठी कोणती, हा प्रश्न शिकाऱ्याने अनुभवातून सोडवायचा असतो असा आपला समज. रत्नागिरी जिल्ह्यातील भातशेतीच्या राखणीचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न तिथे मोठ्या प्रमाणात कायद्यानेच सोडवलेला दिसतो.

पाश्चात्त्य देशांत लहान शिकारीसाठी ‘पॉइंट टू-टू’ रायफल रूढ झाली. तिचे सर्वाधिक परिचित काडतूस १८८७ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर, वजन साधारण ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित अधिक. धक्का नगण्य, आवाज कमी, आणि सशाचे मांसही फारसे नासत नाही. कोल्ह्यासारख्या जनावरासाठी टोकाशी खळगा असलेली गोळी घेतात; ती अंगात शिरताच पसरते. रानडुकराला मात्र ही रायफल अपुरीच.

या निवडीचे सुख कोकणातील शेतकऱ्याच्या वाट्याला आले नाही. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला आणि भारतीयांना बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला. युरोपियनांना त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याचे कलम १३ वाचण्याजोगे आहे. पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. ‘पॉइंट टू-टू’ रायफलीचा उल्लेखही मूळ कायद्यात त्याच कलमात होता, पण तो रायफल क्लबच्या सदस्याने नेमबाजीचा सराव करावा म्हणून. शेताच्या बांधावर बसणाऱ्याला शंभर वर्षे जुने तंत्र आणि शहरातल्या क्लबला आधुनिक रायफल, ही वाटणी कायद्याच्या एकाच कलमात शेजारी शेजारी बसलेली होती.

ठासणीच्या बंदुकीत निवड उरते ती एकच, आणि तीही जनावर दिसण्याआधी करावी लागते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे अथवा गोळी, पुन्हा बोळा. सारे गजाने ठासायचे आणि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. संध्याकाळी छर्रे भरून माळ्यावर बसलेल्या माणसासमोर मध्यरात्री रानडुक्कर आले, तर भरलेला बार बदलायला वेळ नसतो. छर्रे लागलेले डुक्कर मरत नाही; जखमी होऊन झाडीत शिरते, आणि सकाळी त्याच्या मागावर जाणाऱ्याच्या जिवावर बेतते. उलट गोळी भरली असेल, तर ससा हाती लागणे जवळजवळ अशक्य. गुळगुळीत नळी गोळीला फिरकी देत नाही, त्यामुळे अंतर वाढले की नेमाचा भरवसा सुटतो. त्यातच परतीच्या पावसाची दमट हवा. ओलसर दारू ऐन वेळी दगा देते. बार उडालाच, तर पुढचा भरेपर्यंत सारा कळप निघून गेलेला असतो.

१२ बोअरची काडतुसाची बंदूक मिळालेल्यांची स्थिती बरी होती. (एक पौंड शिशाचे १२ समान गोळे केले, तर त्यातील एक जिच्यात बसेल ती १२ बोअर. आकडा वाढला की नळी लहान होते, हे अनेकांना उलटे वाटते.) काडतूस क्षणात बदलता येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सुरुवातीला ‘लहान शिकार’ हा स्वतंत्र वर्ग ठेवला होता आणि त्यासाठी परवानाही मिळे. ससा त्याच वर्गात होता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. तेव्हापासून बंदूक बाळगण्याचा परवाना एका कायद्याचा आणि ती जनावरावर झाडण्याची परवानगी दुसऱ्या कायद्याची, अशी स्थिती आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारण्याची वाट कलम ११ मध्ये आहे, पण त्यासाठी अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. वन्यजीवांचे रक्षण आवश्यकच होते. मात्र एका रात्रीत लोळवलेल्या भाताला कागदाचा वेग मानवत नाही, हेही तितकेच खरे.

आणखी एक गाठ दिनदर्शिकेने घातली आहे. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतल्या जातात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २०१४ साली १५ ऑक्टोबरला झाले, २०१९ साली २१ ऑक्टोबरला. कोकणात भात पिकून कापणीला येते ते याच दिवसांत.