ऐकीव निकाल

सुटीत अमरावतीस आलेल्या माझ्या दोन भाच्यांत एके दुपारी कडाक्याचे भांडण जुंपले. कारण काय, तर एक खेळ! रिडली स्कॉट यांच्या १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’ या बोलपटावरून १९९७ साली त्याच नावाचा संगणकावरील खेळ निघाला. माणसांत मिसळलेली कृत्रिम माणसे हुडकणे हे त्यातील गुप्तहेराचे काम. थोरला म्हणे, प्राण्यांच्या दुकानातली लूसी कृत्रिम. धाकटा म्हणे, हाडामांसाची पोर! गंमत अशी की दोघेही खरे होते. कित्येक पात्रांचे माणूसपण हा खेळ दर डावाला नव्याने ठरवतो.

“गुन्हेगारच ठरलेला नाही, तर मामा, हा तपास कसला?” थोरला चिडला. धाकट्यास मात्र त्यातच सारी गोडी वाटत होती.

रात्री मी एकटाच खेळावयास बसलो. लूसी दिसताच थोरल्याच्या शब्दावर विसंबून गोळी झाडली, आणि मग चपापलो. माझ्या डावातली ती पोर कोण होती, हे मी पाहिलेच नव्हते! अकोल्याच्या आत्याच्या घराची पायरी मी बारा वर्षे चढलो नाही, तेही असेच कोणाच्या तरी सांगण्यावरून.

सकाळी भाच्यांनी विचारले, “मामा, तुमचा निकाल काय?”

“अकोल्याहून आल्यावर सांगेन,” मी म्हणालो.