‘अमर्याद’ या विशेषणाविषयी

कोयनानगरात राहणाऱ्यास मर्यादा म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. पावसाळ्याअखेर शिवसागर जलाशय भरला की नजर पोहोचेल तिथवर पाणीच दिसते. परंतु त्याची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट आहे. आणि वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची सीमा घालून दिलेली आहे. हे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. या आकड्यावरून वाद झडतात, पण तो कोणापासून लपवलेला नाही. म्हणून उन्हाळ्यात किती पाणी वापरता येईल, याचा हिशेब आधीच मांडता येतो.

आम्हां काही अध्यापकांना याच्या नेमका उलट अनुभव आला. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या जतन कराव्यात, या हेतूने आम्ही एक संकेतस्थळ उभारले. त्यासाठी एका कंपनीची सामायिक होस्टिंगची योजना घेतली. जाहिरातीत ‘अमर्याद जागा’ असे ठळक अक्षरांत होते. करारही आम्ही शेवटपर्यंत वाचला. त्यात ‘वाजवी वापर’ असा शब्दप्रयोग होता, आकडा मात्र कोठेच नव्हता. दोन वर्षांनी संकेतस्थळ एकाएकी बंद पडले आणि आकडा आम्हांला प्रथमच कळवण्यात आला. आम्ही जागा फारशी व्यापली नव्हती. ओलांडली होती ती फायलींच्या संख्येची मर्यादा.

यामागचे तंत्र समजून घेण्याजोगे आहे. सर्व्हरवरील प्रत्येक फायलीची आणि फोल्डरची एक स्वतंत्र नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. जागा ‘अमर्याद’ ठेवून या नोंदींवर बंधन घालता येते. तेथे दोन ओळींची ओवी आणि दोन तासांचा चित्रपट यांची मोजणी सारखीच, प्रत्येकी एक. ओवीचा मजकूर, तिचे ध्वनिमुद्रण, गाणारणीचे छायाचित्र, त्या छायाचित्राच्या प्रणालीने आपणहून काढलेल्या लहान प्रती, शिवाय टपालपेटीतले प्रत्येक पत्र, हे सारे त्या मोजणीत येते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. लोकवाङ्मयाचा स्वभावच असा की, ते आकाराने लहान आणि संख्येने अफाट असते. फायलींप्रमाणेच प्रोसेसरचा वेळ, स्मृती, एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया आणि तासाभरात पाठवता येणारी पत्रे यांनाही अशाच मर्यादा असतात.

मर्यादा असावी, याविषयी आमची तक्रार नाही. एकाच यंत्रावर शेकडो ग्राहक नांदत असतात. वाड्यातल्या सामाईक आडावर एकानेच दिवसभर रहाट धरून ठेवला, तर शेजाऱ्यांच्या घागरी रित्या राहतात. बहुतेक जण थोडेच वापरतील, या भरवशावर ही योजना स्वस्त मिळते, हेही आम्हांला मान्य आहे. आमचा आक्षेप एवढाच की, जी मर्यादा ओलांडल्यावरच कळते, ती पाळणार कशी?

येथे प्रश्न भाषेचा होतो. मराठीत मर्यादा म्हणजे सीमा आणि मर्यादा म्हणजे अदबही. त्यामुळे ‘अमर्याद’ हे एके काळी दूषण होते. रीतभात सोडून वागणाऱ्यास ते लावीत. बाजाराने त्याची स्तुती केली आणि त्यातला अर्थ काढून घेतला. ‘अमर्याद’ म्हणजे आता ‘मोजतो, पण सांगत नाही’.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही म्हणू की, करार हीदेखील एक संहिता आहे. कवितेत गाळलेल्या शब्दापाशी आपण जसे थांबतो, तसे करारात गाळलेल्या आकड्यापाशी थांबावे. फायली किती, प्रक्रिया किती, मर्यादा ओलांडल्यास पूर्वसूचना किती दिवसांची, याचे उत्तर लेखी मागावे. जो आकडा सांगतो, त्याची योजना दिसायला लहान असली तरी तीच घ्यावी. आमच्या ओव्या आता अशाच एका मोजक्या जागेत आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत आमच्या कपाटात आहे. गाणाऱ्यांपैकी काही जणी आज हयात नाहीत; त्यांचा आवाज कोणाच्या विशेषणाच्या भरवशावर ठेवणे आम्हांला परवडणारे नाही.