न फुटलेला सुरुंग

गेल्या शनिवारी ओझरला जाऊन आलो. (जुन्नर तालुक्यातलं, विघ्नहराचं ओझर. विमानं बनतात ते नाशिककडचं ओझर निराळं. ऑफिसात हे दर वेळी सांगावं लागतं.) दर्शन झालं, येडगाव धरणाच्या पाण्याकडे बघत थोडा वेळ बसलो आणि मग नेहमीप्रमाणे आप्पांच्या मळ्यात जेवायला.

आप्पा म्हणजे माझे चुलते. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. मी लहान असताना आमच्या विहिरीचं काम चालू होतं. कातळ लागला, सुरुंग भरले, वर बॅटरीला वायर लावली. भोकं पाच, बार चारच झाले. अर्धा तास वाट पाहून आप्पा यारीनं खाली उतरले आणि दगड उकरताना पहार लागली. टोपी कांडीतून निसटलेली होती, तेवढीच उडाली, म्हणून बोटांवर निभावलं. आमच्याकडे सुरुंग म्हटलं की आधी विहीर आठवते, लढाई नंतर.

हे आत्ता आठवायचं कारण माझं सध्याचं प्रोजेक्ट. गेले चार महिने मी ग्रेनेडचे फ्यूज तपासणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहितोय. कुणासाठी ते सांगता येणार नाही. आप्पांना इतकंच सांगितलं की जवानाच्या हातातच बार होऊ नये, यासाठीचं काम आहे.

"म्हंजी फुटू नये म्हणून पगार देतात व्हय?"

तसंच काहीसं. रायफलला जोडलेल्या लाँचरमधून सुटणारा ग्रेनेड घ्या. सुटताना त्याला जबरदस्त धक्का बसतो आणि नळीतल्या आट्यांमुळे तो गरगर फिरतो. हातातून पडला तर धक्का बसेल, पण तसा फिरणार नाही. उतारावरून घरंगळला तर फिरेल, पण तसा धक्का नाही. दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय फ्यूज जागाच होत नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत साधी 'अँड'ची अट! ही युक्ती जुनी आहे, स्प्रिंगांवर चालणारी. इलेक्ट्रॉनिक्सनं त्यात घड्याळ आणलं. नळीबाहेर पडून किती वेळ झाला हे नेमकं मोजता येतं. आपटून फुटला नाही तर काही सेकंदांनी स्वतःच फुटून जा, असं सांगता येतं. मला सगळ्यात आवडली ती बॅटरी. अशा बऱ्याच फ्यूजांमध्ये गोदामात असताना तिच्यात वीजच नसते. रसायन वेगळ्या कुपीत बंद असतं. डागल्याच्या धक्क्यानं कुपी फुटते आणि मगच वीज तयार होते. ती संपली की सर्किट मेलं.

अर्थात चिप घातली म्हणजे सुरक्षित झालं, असं अजिबात नाही. दक्षिण कोरियाच्या के-११ रायफलीचं उदाहरण बघा. लेझरनं अंतर मोजायचं आणि गोळा शत्रूच्या डोक्यावर हवेत फोडायचा, अशी कल्पना. २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये गोळा नळीतच फुटून त्यांचेच जवान जखमी झाले. २०१९ मध्ये प्रकल्प गुंडाळला. अमेरिकेच्या एक्सएम-२५ चाही २०१३ मध्ये अफगाणिस्तानात अपघात झाला. आमच्या कोडमधला बग रात्री पॅच करता येतो, यांचा नाही. चार महिने मला झोप कमी आहे ती यामुळेच.

जेवण झालं आणि गप्पा भूसुरुंगावर आल्या. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये युद्ध झालंच नाही, पण सीमेवर सुरुंग पेरताना आणि काढताना जवान गेले. १९९६ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय करारात (भारतानं तो १९९९ मध्ये मान्य केला) दूरवरून टाकायच्या, माणसांविरुद्धच्या सुरुंगांना अट आहे: ३० दिवसांत किमान ९० टक्के स्वतःहून नष्ट व्हावेत आणि १२० दिवसांनी हजारात एकापेक्षा जास्त जिवंत राहू नये. त्यासाठी करारातच बॅटरीचं उदाहरण दिलंय! ती एकदाची संपली की सुरुंग कायमचा निकामी. आपल्या डीआरडीओचा 'विभव' हा रणगाड्यांविरुद्धचा सुरुंगही ठरावीक काळानं आपोआप निकामी होतो.

आणि विहिरीचं? १ एप्रिल २०२५ पासून विजेच्या जुन्या टोप्यांवर सरकारनं बंदी घातली. नव्या इलेक्ट्रॉनिक टोपीत चिप असते. नुसती बॅटरी लावून ती उडत नाही, आणि बार करण्याआधी वरूनच तिला विचारता येतं, 'आहेस का?' आप्पांच्या पाचव्या भोकातून वायर तुटली असती तर उत्तरच आलं नसतं आणि ते वरच कळलं असतं. हे मी जरा फुशारकीनंच सांगितलं.

आप्पा तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "विहिरीचं पटलं. पण तो रानातला सुरुंग. बॅटरी संपून मेला म्हणतोस. वरून बघणाऱ्याला कसं कळायचं मेला का जिता?"

"नाही कळत. काढायला माणूस जावंच लागतं. मेलेला धरून नाही चालत."

"मग खाली उतरणाऱ्याला ते तसंच की रे."

मी टेस्टरच्या अटी मनातल्या मनात पुन्हा वाचून काढल्या. फ्यूज मेला की नाही, हे तपासण्याचं कलम आहे. पण ते फक्त आमच्या टेबलावर, वायर जोडलेली असताना. बाहेरून ओळखता यावं, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात वीज आली आणि आप्पा मोटर चालू करायला विहिरीकडे गेले.