घर दाखवणे आहे

मुलगी दाखवण्याचे दोन कार्यक्रम मी लहानपणी आमच्या घरात पाहिले आहेत. पण खुद्द घरच दाखवण्याचा प्रसंग चाळिशी उलटल्यावर माझ्या वाट्याला येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते. खाप्याचे घर विकायचे असे दादाने ठरवले, ताईने संमती दिली, आणि "तू कॉलेजात शिकवतोस, तुला दिवाळीची सुट्टी असते" एवढ्या एकाच पात्रतेवर ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरेल असे करण्याची कामगिरी माझ्यावर येऊन पडली. ही गेल्या दिवाळीची गोष्ट.

खापा हे नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या उंच काठावर वसलेले गाव. लहान खरे, पण त्याची नगरपालिका १८६७ सालची! नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली ती १८७७ साली. म्हणजे आमचे गाव तिच्याहून दहा वर्षांनी वडील. पण पुढे गिरणीच्या कापडाने आणि मागाहून यंत्रमागांनी आमच्यासारख्या कोष्ट्यांच्या घरांतली खटखट एकेक करून बंद पाडली. आमच्या घरातली १९९४ साली थांबली.

मी आधी जाहिरात लिहायला घेतली. मराठीचा प्राध्यापक, हाती कोरा कागद. मग काय विचारता! कन्हानेचा वारा, सागवानी खांब, परसातली विहीर, सारे आले. दलालाने दोन्ही पाने शांतपणे वाचली आणि खाली लिहिले, 'घर विकणे आहे'.

मग तो घरभर हिंडला. "गिराईक दारातच ठरवते, प्रोफेसरसाहेब," तो म्हणाला आणि फर्माने सुटली. ओसरीतले वडीलधाऱ्यांचे फोटो काढा. मेलेली माणसे भिंतीवरून पाहू लागली की गिराईक बिचकते. दारे-खांब रंगवा. कवेलू फेरून घ्या. आम्ही झटलो. फोटो उतरवून बायकोने ते बाबांनी विणलेल्या एका नऊवारी लुगड्यात बांधले. चौथ्या दिवशी घर असे काही खुलले की ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, हे एवढं आईंच्या देखत केलं असतं तर?" मी ब्रश धुवायला विहिरीवर गेलो.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. न्हाणीकडची मातीची भिंत, आणि माजघरातला मागाचा खड्डा.

आई होती तोवर त्या भिंतीला दरवर्षी चुन्याचा हात बसे. पावसात ती ओलावे आणि उन्हे पडली की वाळे. पुढे दादाने हौसेने तिला सिमेंटचा गिलावा केला. मातीच्या भिंतीला सिमेंट म्हणजे पाटात निजलेल्या माणसाला मेणकापड पांघरणे! आतली ओल बाहेर पडेना, ती वर चढू लागली. दलाल म्हणाला, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्या, पुढे कपाट लावा. हिवाळ्यात कोणाला कळते? मी तेही केले. रात्री मात्र झोप लागेना. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे. साधारण काळजीने पाहूनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने घेणाऱ्याला सांगितला पाहिजे, असे त्याचे ५५ वे कलम म्हणते. दादा म्हणाला, "कलमं तुझ्या पोरांना शिकव."

आणि खड्डा. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीबरोबर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. ताण्याचे काही धागे वर, काही खाली होतात आणि मधल्या फटीतून धोटा पळतो. खालच्या गारव्याने सूत तुटत नाही, असे बाबा सांगत. आई पलीकडे रहाटावर कांड्या भरी आणि मी बाबांच्या मागे बसून कविता पाठ करी. चुकलो की धोटा थांबे. बाबा चौथी शिकलेले. कविता त्यांना कुठली पाठ असणार? पण माझा ठेका चुकला की त्यांना बरोबर कळे. माझ्या एम.ए.ची फी त्याच खड्ड्यातून आली.

त्यावरची फळी काढली. बाबा बसत तिथली कड झिजून गुळगुळीत झाली होती. मी जरा वेळ तिथे बसून पाहिले. माझे पाय तळाला नीट टेकले. मग मुरमाची ट्रॉली आली. मजुरांनी खड्डा भरला, धुम्मस मारली आणि वर कोबा केला. तासाभराचे काम. दलाल खूष झाला, "आता हॉल झाला पहा!"

गिऱ्हाईक आले ते तालुक्याच्या गावचे व्यापारी. बरोबर टेप आणि जुन्या लाकडाचा एक सौदागर. ओसरीकडे त्यांनी पाहिलेही नाही. बाहेरून लांबी-रुंदी मोजली. माझ्याने राहवेना. दादाची नजर चुकवून मी त्यांना न्हाणीकडे नेले, कपाट सरकवले आणि ओलीची सगळी हकिगत सांगून टाकली.

ते हसले. "भिंत ठेवाची कोणाले हाये, सर? मले जागा पायजे."

तेवढ्यात सौदागराने चाकूने खांबाचा नवा चॉकलेटी रंग खरवडला. "रंग काहून मारला जी? रंगवल्या सागाचा भाव पडते." दादाने माझ्याकडे पाहिले.

माजघरात व्यापाऱ्यांनी कोब्यावर टाच आपटली. "हे आत्ताच केलं वाटते?"

"मागाचा खड्डा होता. बुजवला."

"कायले बुजवला? आमाले तं इथूनच पाया खोदाचा हाये."

दादा ओसरीत इसाराची रक्कम मोजत होता. मी तिथेच उभा राहिलो. पायाखाली कोब्याला अजून ओल होती.