आमच्या वस्तीवरची कुत्री आणि माझी रंगपेटी

प्रत्येकाला काही ना काही नाद असतो. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी काडेपेटीवरची चित्रे. मला जलरंगात कुत्र्यांची चित्रे काढायचा नाद आहे. घरी सगळे हसतात. बाबा म्हणतात, "अगं, मोर काढ, कमळ काढ. कुत्र्याचं काय चित्र काढतेस?" पण मला कुत्र्याचाच चेहरा काढावासा वाटतो. त्याचे कारण आज सांगते.

आमचा मळा निफाड तालुक्यात, गोदावरीपासून जवळच आहे. एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला ऊस आणि मध्ये चार-पाच घरांची वस्ती. प्रत्येक वस्तीवर दोन-तीन कुत्री असतातच. रात्री गोठ्याची आणि कांद्याच्या चाळीची राखण तीच करतात. त्यांची नावेही ठरलेली. मोती, वाघ्या, काळ्या, टिप्या, राणी. त्यांची जात विचारली तर लोक म्हणतात, "जात कसली? गावठी कुत्रं ते."

जानेवारी २००५ मध्ये आपल्या टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली होती. हिमालयातला मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपालयम असे ते चार कुत्रे. गुरुजींनी वर्गात त्यांची चित्रे दाखवली. फार सुंदर होती. पण त्यात आपला गावठी कुत्रा नव्हता. मग याचे चित्र कोण काढणार, असे माझ्या मनात आले.

तसे पाहिले तर कुत्र्याचे चित्र आपल्या घरोघरी असते. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. ती चार कुत्री म्हणजे चार वेद, असे माझी आजी सांगते. मालेगाव तालुक्यात चंदनपुरीला खंडोबाचे मोठे ठाणे आहे. खंडोबाच्या चित्रातही घोड्याजवळ कुत्रा असतो. देवाजवळ कुत्रा चालतो, मग माझ्या कागदावर का चालू नये?

नाशिकला शिवाजी तुपे नावाचे मोठे चित्रकार होऊन गेले. त्यांनी गोदेचे घाट, देवळे आणि जुने वाडे जलरंगात रंगवले. जागेवर जाऊन, समोर बसून ते चित्र काढत. हे ऐकले तेव्हा मला धीर आला. वस्तीवर घाट नाही की वाडा नाही. पण समोर बसून बघायला कुत्री भरपूर आहेत.

आता थोडे कामाचे सांगते. माझ्याकडे कॅमलची बारा रंगांची पेटी, दोन नंबरचा आणि आठ नंबरचा असे दोन ब्रश आणि पाण्याला एक जुना पेला आहे. कागद पाण्याने फुगतो, म्हणून तो पॅडवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ताणून घ्यायचा. कुत्रा काही आपल्यासाठी स्वस्थ बसत नाही. भाकरीचा तुकडा हातात असेल तोवर तो समोर बघतो. म्हणून आधी पेन्सिलीने पाच-सहा वेळा भराभर आकार काढून घ्यायचा. दुपारी तो जेवून झोपला की मग आपले राज्य.

जलरंगात फिक्या रंगापासून गडद रंगाकडे जायचे असते. पांढऱ्या जागी कागद कोराच सोडायचा. डोळ्यातली चमक म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा कोरा कागद असतो. तेवढा सांभाळला की कुत्रा आपल्याकडे बघायला लागतो. मऊ केसांसाठी कागद आधी ओला करायचा आणि त्यावर रंग नुसता टेकवायचा. तो आपोआप पसरतो. वाळल्यावर बारीक ब्रशने मोजकेच केस काढायचे. केस न् केस काढत बसले तर कुत्र्याचा झाडू होतो. काळ्या कुत्र्याला पेटीतला काळा रंग लावला तर तो कोळशासारखा दिसतो. निळा आणि तपकिरी घट्ट कालवून लावला की पाठीवर ऊन पडल्यासारखे दिसते. मोबाईलच्या फोटोत आमच्या काळ्याचा नुसता काळा गोळा येतो. माझ्या चित्रात त्याचे कान, खांदा, बरगड्या सगळे ओळखू येते. वैशाखात रंग लावता लावता वाळतो, म्हणून सकाळीच बसावे. पावसाळ्यात तो वाळतच नाही. तेव्हा कागद चुलीसमोर धरावा लागतो, पण बेताने.

लांबून सगळी गावठी कुत्री सारखी वाटतात. रंगवायला बसले की एकही दुसऱ्यासारखे नसते. मोतीच्या कपाळावर मध्येच एक भोवरा आहे. राणीचे नाक निम्मे गुलाबी आहे. टिप्या एक भुवई वर करतो, अगदी हेडमास्तर हजेरी घेतात तसा!

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या भागात उसात बिबट्या असतो हे सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले भागात, बिबट्या काय खातो याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणजे जो भुंकून आपल्याला जागे करतो, तोच आधी जातो.

माघ महिन्यात शेजारच्या वस्तीवरच्या आजींचा वाघ्या असाच गेला. चार दिवसांनी आजी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू कुत्र्यांची चित्रं काढती ना गं? माझ्या वाघ्याचं काढशील का?" वाघ्याला मी येता-जाता पाहिले होते, पण समोर बसून कधी रंगवले नव्हते. आजींचा फोन बटणांचा. घरात फोटो एकही नाही. मी म्हटले, "आजी, तुम्ही सांगा. मी काढते."

"रंग कसा होता?"

"भाकर जरा जास्त भाजली की पापुद्र्याचा होतो ना, तसा. पोटाला ताकासारखा."

"डोळे?"

"गुळासारखे. नवा गूळ नाही, जुना. अन् उजव्या कानाचं टोक नव्हतं बरं का. पिल्लू होता तवाच दुसऱ्यानं तोडलं."

"बसायचा कसा?"

आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडं पाठ करून. तोंड सदा उसाकडं."

म्हणून त्या चित्रात वाघ्याचे तोंड अर्धेच दिसते. पाठ जास्त दिसते, तुटका कान दिसतो आणि समोर हिरवा ऊस. ते रंगवायला मला दोन रविवार लागले. जुन्या गुळाचा रंग पेटीत नव्हता. तो पिवळा, तांबडा आणि थेंबभर निळा मिळून झाला. आजींनी चित्र हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिले. म्हणाल्या, "हाच गं. मी दारात बसले की असाच दिसायचा." त्यांनी ते दत्ताच्या तसबिरीखाली लावले आहे.

आता त्यांच्याकडे नवे पिल्लू आले आहे. आजींच्या मुलाने त्याच्यासाठी पत्रा आणि जाळीची बंद खोपी केली. अंधार पडला की पिल्लू आत. तिथूनही ते छान भुंकते. आज शाळेत आलेल्या सर्व पालकांना माझी विनंती आहे की आपणही अशी खोपी करावी. त्याला फार खर्च येत नाही.

या लेखाच्या खाली मी चार चित्रे लावली आहेत. वाघ्याचे त्यात नाही, ते आजींच्या घरी आहे. बाकीची कुत्री आपल्याच गावची आहेत. मित्र-मैत्रिणींनो, नावे मुद्दाम लिहिली नाहीत. आपापला कुत्रा ओळखा आणि मला मधल्या सुट्टीत सांगा.

— इयत्ता ७ वी