फांदी तुटली, की तोडली?



आपण लिहून पाठवलेल्या स्वाध्यायावर ‘चांगला प्रयत्न’ असा शेरा येतो, तेव्हा नेमके काय चांगले झाले हे आपल्याला कळते का? शेऱ्याच्या भाषेचा विचार करण्याची सवय मला लागली ती वर्गात नव्हे, तर पक्ष्यांच्या छायाचित्रांमुळे. आमच्या तालुक्याच्या गावी महिन्यातून एका रविवारी आम्ही काही हौशी मंडळी जमतो. कोणी शेतकरी, कोणी बँकेत नोकरीला, कोणी निवृत्त. प्रत्येकाने दोन-तीन छायाचित्रे पडद्यावर दाखवायची आणि इतरांनी त्यांवर बोलायचे, एवढाच कार्यक्रम असतो.

आरंभीच्या काळात सगळेच ‘छान’ म्हणत. हे विशेषण निरुपद्रवी खरे, पण तितकेच निरुपयोगी. ‘खंड्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका आला आहे, म्हणून पक्षी जिवंत वाटतो,’ असे कोणी म्हटले की छायाचित्रकार पुढच्या वेळी पक्ष्याचा डोळा आणि उजेडाची दिशा आधी पाहतो. ‘बगळ्याची पिसे वेगवेगळी दिसत नाहीत, सारे पांढरे एकजीव झाले आहे,’ हे ऐकायला कडू. पण त्याला जोडून ‘भोवती गडद पाणी असले की कॅमेरा चित्र उजळ करू पाहतो, तेव्हा एक्स्पोजर थोडे उणे ठेवा,’ असे सांगितले, तर त्या कडूपणाचे काही वाटत नाही. दोष दाखवणे आणि वाट दाखवणे यांत एका वाक्याचेच अंतर असते. ते दुसरे वाक्य बोलायचा कंटाळा मात्र पुष्कळांना असतो, परीक्षकांनाही असतो.

‘अभिप्राय’ या शब्दाकडे जरा पाहा. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ हेतू, मनातला आशय असा आहे. मराठीत तो ‘मत’ या अर्थाने रुळला. मला जुना अर्थ विसरावासा वाटत नाही. एकदा मी नांगरलेल्या रानातल्या टिटवीचे छायाचित्र दाखवले. ढेकळांच्या विस्तारात पक्षी अगदी लहान दिसत होता. ‘कडा कापून पक्षी मोठा करा,’ असा सल्ला लगेच मिळाला. एका शेतकरी सदस्याने मात्र आधी विचारले, ‘सर, तुम्हाला टिटवी दाखवायची होती, की ती ढेकळांत कशी मिसळून जाते ते?’ मला दुसरे दाखवायचे होते. मग चर्चा त्या दिशेने गेली, आणि पक्षी चौकटीच्या जरा डावीकडे असता तर रान अधिक मोकळे वाटले असते, ही त्याची सूचना मी आनंदाने मान्य केली. पहिला सल्ला मी नम्रपणे बाजूला ठेवला. मिळालेला प्रत्येक अभिप्राय पाळलाच पाहिजे असे नाही. तो पुरता ऐकून घेतला पाहिजे, एवढे खरे.

आता आपल्या अभ्यासाशी निगडित असा एक मुद्दा. मराठीत हलणे–हलवणे, फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. ‘फोटो हलला आहे’ आणि ‘तुम्ही कॅमेरा हलवलात’ ही दोन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी आहेत. पण पहिल्यात कर्ता माणूस नाही, चित्र आहे. नवख्या माणसाशी बोलताना आपण सहज पहिले वाक्य निवडतो. हा आपल्या भाषेने दिलेला सौजन्याचा मार्ग आहे, आणि तो वापरावा. मात्र तो सर्वत्र वापरता येत नाही.

एका तरुण सदस्याने लालबुड्या बुलबुलाच्या घरट्याचे छायाचित्र आणले होते. उघड्या चोचींची तीन पिल्ले, चोचीत किडा धरलेली मादी की नर, कोण जाणे, दोघे सारखेच दिसतात. चित्र स्वच्छ, उजेड उत्तम. सभागृहात ‘वा!’ उमटले. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकांनी विचारले, ‘घरट्यापुढे पाने कशी नाहीत, रे?’ तो म्हणाला, ‘मावशी, तिथली फांदी तुटली होती.’ त्या क्षणभर थांबल्या. ‘तुटली होती, की तोडली?’

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो हळूच म्हणाला, ‘तोडली.’

मावशी रागावल्या नाहीत. पानांच्या आडोशाने पिल्लांचे ऊन अडते, आणि कावळा, भारद्वाज यांची नजरही अडते, हे त्यांनी शांतपणे सांगितले. घरट्याचे पुढे काय झाले, हेही विचारले. दोन दिवसांनी ते रिकामे होते, असे तो म्हणाला. पिसे फुटायच्या आधीच रिकामे. त्या दिवशी कोणी त्याला अकर्मक क्रियापदाचा आडोसा देऊ केला असता, तर ते सौजन्य ठरले नसते. अशा वेळी वाक्यात कर्ता यावाच लागतो. मात्र तो ज्याचा त्याने आणला तर बरे, म्हणून मावशींनी विधान केले नाही, प्रश्न विचारला.

तो नंतर तीन-चार महिने आला नाही. आम्हाला वाटले, गेला. पण पावसाळा संपल्यावर आला, आणि पुन्हा बुलबुलच घेऊन आला. बराच दुरून, करवंदीच्या जाळीत बसलेला. नव्या एका सदस्याने लगेच म्हटले, ‘चोचीवर पान आडवे आले आहे.’ ‘येऊ दिले,’ तो म्हणाला. मग शटरची गती किती ठेवली होती, यावर बोलणे सुरू झाले.